पेंटरच्या फाटकावरचा कुत्रा

पेंटरनं एखाद्या दुकानाच्या बोर्डावर ‘उत्तम’ असा शब्द लिहिला, तर आतला माल उत्तमच असणार, अशी त्या भागातल्या लोकांची पक्की समजूत होती. ती काही आपोआप झाली नव्हती. पेंटरनं तिच्यासाठी पुष्कळ सोसलं होतं, आणि त्याहून जास्त दुसऱ्यांना सोसायला लावलं होतं. चौकातल्या शिंप्याला बोर्डावर ‘सुटाचे खास कारागीर’ असं हवं होतं. शिंपी जन्मभर पायजमे आणि उशांचे अभ्रे शिवत आलेला. पेंटरनं ब्रश खाली ठेवला आणि म्हणाला, आधी एक सूट दाखवा. शिंप्यानं घाम गाळून सूट शिवला. तो कुणाच्याच मापाचा झाला नाही आणि अजून दुकानात टांगलेला आहे, पण शिवला. मगच बोर्ड झाला. दातांच्या डॉक्टरला ‘दात काढताना दुखत नाही’ असं लिहून हवं होतं. पेंटर स्वतः खुर्चीत बसला आणि एक जरासा हलणारा दात त्यानं परीक्षेसाठी दिला. त्याची किंकाळी ऐकून रस्त्यावरचा सायकलवाला खाली उतरला म्हणतात. पेंटरनं मग ‘दातांचा दवाखाना’ एवढंच लिहिलं आणि गाल धरून घरी आला.

त्याच्या धंद्याची रीतच अशी की बोर्ड आधी आणि दुकान नंतर. रिकाम्या गाळ्यावर बोर्ड चढतो, मालक खाली उभा राहून मान वर करून तो वाचतो, आणि मग त्याला फळ्या, काउंटर, माल आणायचा हुरूप येतो. पेंटर म्हणायचा, बोर्ड म्हणजे दिलेला शब्द; तो आधी द्यायचा आणि मग जन्मभर निभवायचा. एकदा लिहिलेलं तो पुसतही नसे. बुटांच्या दुकानाचं घड्याळांचं दुकान झालं तर नवा बोर्ड करून देईन, जुन्याला ठिगळ लावणार नाही, असा त्याचा खाक्या. ह्या हट्टापायी काही गिऱ्हाइकं तुटली होती. बायको म्हणायची, “तुमचं अक्षर तेवढं वळणदार, तुम्हाला मात्र वळण म्हणून नाही.” ती हे कौतुकानं म्हणते की वैतागून, हे त्याला इतक्या वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं.

तर अशा माणसाच्या शेजारी चोरी झाली. शेजारी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे मास्तर म्हणत. चोरानं मास्तरांचा पाण्याचा पंप उचलून नेला आणि जाताजाता अंगणातला नळही पिळून काढला. सकाळी मास्तर तोंड धुवायला गेले तर भिंतीतून नुसतंच पाणी येत होतं. मास्तरांना पंपाचं दुःख कमी आणि चोर निवांत नळ काढत असताना आपण घोरत होतो ह्याचं जास्त. पेंटर दिवसभर कुठल्यातरी शिडीवर, बायको कपड्यांच्या दुकानात कामाला, आणि शाळेतून आधी घरी येणारी त्यांची एकुलती एक मुलगी, गळ्यात किल्ली अडकवलेली. त्या किल्लीचा विचार करून बायकोनं दाराच्या कुलपाला दोनदा हिसका देऊन पाहिला. संध्याकाळी तिनं जाहीर केलं की घरात कुत्रा हवा, आणि तो नावाचा नको, कामाचा हवा.

मुलीला तर कुत्रा हवाच होता. तो कामाचा असो की बिनकामाचा, तिची एकच अट होती, की तो पायाशी झोपला पाहिजे.

कुत्रा कोणता, हे ठरवायला रविवारी बैठक बसली. बायकोचा भाऊ मुद्दाम आला. हा मेव्हणा एका गोदामावर रखवालदार होता आणि राखणीतलं सगळं फक्त आपल्याला कळतं असं त्याचं मत होतं. त्याचं गोदाम एकदाही लुटलं गेलं नव्हतं हे खरं, पण आत रिकाम्या पोत्यांशिवाय काही नव्हतं हेही तितकंच खरं. मास्तर आले, कारण ज्याच्याकडे चोरी झाली त्याला बोलायचा पहिला मान. आणि पेंटर स्वतःला कुत्र्यांतला जाणकार समजत होताच. बंगल्यांच्या फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ हे लिहून त्याखाली चित्र काढायचं काम त्याच्याचकडे असे. कुणी म्हणालं, जरा दात वाढवा, तर तो म्हणे, कुत्र्याला तोंड उघडायला सांगा, असतील तेवढे काढतो. मात्र हात त्यानं कधी कुठल्या कुत्र्याला लावला नव्हता. फाटकाबाहेरून जेवढा कुत्रा दिसतो तेवढाच त्याला ठाऊक होता.

मेव्हण्यानं डॉबरमनचं नाव काढलं. मास्तर म्हणाले, डॉबरमन आयुष्यात एकदा तरी मालकावर उलटतो, सगळ्यांना माहीत आहे. पेंटरनं विचारलं, असा उलटलेला कुणी पाहिलाय का. मास्तर म्हणाले, ज्याच्यावर उलटला तो सांगायला येईल कसा. डॉबरमन बाद झाला. लॅब्राडोर गुणी, पण चोराला बॅटरी तोंडात धरून वाट दाखवील असं मेव्हण्याचं म्हणणं पडलं. बुलडॉग घोरतो असं कळल्यावर बायकोनं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं आणि पुढचं नाव घ्या म्हणाली. पॉमेरेनियन इतका भुंकतो की खरा चोर आला तरी कुणी लक्ष देत नाही. बायको म्हणाली, तसा एक मला माहेरून मिळालाय. मेव्हण्यानं ते ऐकलं नाही असं दाखवलं. ग्रेहाउंड चोराच्या मागे असा सुटतो की त्याला मागे टाकून पुढे निघून जातो. पगचा चेहरा पाहिला की चोरी त्याच्याच घरी झाली असं वाटतं. सेंट बर्नार्डला पोसायचं तर चोर परवडला. प्रत्येक जातीची काही ना काही अब्रू त्या बैठकीत गेली. ज्यांच्या घरी पाहुणं म्हणूनसुद्धा कधी साधं कुत्र्याचं पिल्लू आलं नव्हतं अशा चार माणसांनी जगातल्या बहुतेक सगळ्या कुत्र्यांचा निकाल लावला.

राहिला अल्सेशियन. त्याच्याविरुद्ध कुणाला काही ऐकिवात नव्हतं. मास्तरांच्या एका आत्तेभावाकडे होता, तो आलेल्या पाहुण्यांना आत येऊ द्यायचा पण परत जाऊ द्यायचा नाही. बायकोला तेवढं नको होतं, पण बाकी सगळं पसंत पडलं.

मेव्हण्याच्या ओळखीचा एक गोठेवाला शहराबाहेर म्हशी पाळून होता. त्याच्या अल्सेशियन कुत्रीला पिल्लं झाली होती. पेंटर पारखून घ्यायला गेला. कुत्री गोठ्याच्या दारात पडली होती. भुंकली नाही, गुरगुरली नाही, सरळ उठली आणि पेंटरची पोटरी धरली. गोठेवाल्यानं सोडवली. पेंटर लंगडत पण समाधानानं परतला. खाण तशी माती, असं तो वाटभर म्हणत होता. पिल्लांच्या बापाबद्दल त्यानं विचारलं तेव्हा गोठेवाला म्हशीच्या शेपटीकडे बघत म्हणाला, तोही खानदानीच. दातांच्या डॉक्टरची परीक्षा घेणाऱ्या माणसानं ह्या एका शब्दावर विश्वास ठेवला. पोटरी दुखत असली की डोकं कमी चालतं.

पिल्लू अजून आईजवळ ठेवायचं होतं. तेवढ्यात पेंटरनं बोर्ड केला. बाजारात तुरी म्हणतात ते हेच, पण पेंटरच्या धंद्यात ते पाप नव्हतं, पद्धत होती. चांगली पत्र्याची चौकट, काळी जमीन, त्यावर कान उभारलेला, छाती काढलेला अल्सेशियन, आणि खाली पिवळ्या अक्षरांत:

‘येथील कुत्रा भुंकत नाही. थेट चावतो.’

तो बोर्ड म्हणजे त्याच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम होतं. मास्तर बराच वेळ फाटकाबाहेर उभे राहून वाचत होते आणि मग पलीकडच्या फुटपाथनं घरी गेले. पेपरवाला पेपर लांबूनच भिरकावू लागला. मीटर बघायला येणारा माणूस रस्त्यावरूनच अंदाजे आकडा लिहून जाऊ लागला. महिनाभर राहायला येणार असलेल्या चुलत सासूबाईंनी येणं रद्द केलं. घरात कुत्रा नसताना बायको कुत्र्यावर इतकी खूश झाली की पिल्लू आणलंच नाही तरी चालेल असं ती एकदा बोलून गेली. मुलीनं त्या दिवशी जेवायला नकार दिला.

पिल्लू आलं ते खोक्यात. आल्याआल्या ते रंगाच्या रिकाम्या डब्यात शिरून झोपलं, म्हणून त्याचं नाव डबा पडलं. मेव्हण्याला टायगर हवं होतं. पण टायगर म्हटलं की ते इकडेतिकडे बघायचं आणि डबा म्हटलं की यायचं.

मग डबा वाढू लागला. वाढला म्हणजे लांबीला वाढला. पायांनी सुरुवातीलाच हात टेकले. कान उभे राहतील, उभे राहतील म्हणून पेंटर रोज सकाळी बघायचा. ते जे खाली लोंबले ते लोंबलेच. शेपूट मात्र भरघोस आली आणि ती दिवसभर हलायची, झोपेतसुद्धा. बाप कुठल्या खानदानातला होता हे आता कुणी विचारायची गरज उरली नाही. भुंकणं त्याला येतच नव्हतं, इतपत बोर्ड खरा होता. पण कुणीही अनोळखी माणूस दिसला की तो पुढे जायचा, उताणा पडायचा आणि पोट खाजवून घेण्यासाठी चारही पाय वर करायचा. चावायला त्यानं एकच वस्तू पसंत केली होती, मुलीची जुनी चप्पल, आणि तीही तो चघळायचा.

मुलीचं आणि त्याचं गूळपीठ जमलं. बायको दुकानातून आली की तो तिच्या पिशवीत तोंड घालून दिवसभराची चौकशी करायचा. पेंटरकडे तो कामाच्या वेळी यायचा, ब्रशच्या प्रत्येक फटकाऱ्याबरोबर मान हलवायचा, आणि कंटाळा आला की त्याच्या पायाशी अंग टाकायचा. पेंटर त्याला पायानं जरा लांब सरकवायचा. डबा तेवढाच परत जवळ यायचा. हळूहळू पेंटरनं सरकवायचं बंद केलं, पण ते त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं.

एक दिवस एक वकील बोर्ड सांगायला आले. फाटकावरचं वाचून बाहेरच थबकले आणि तिथूनच हाका मारू लागले. पेंटर हात पुसून येईपर्यंत डबा फाटकाखालच्या फटीतून सरपटत बाहेर गेला आणि वकिलांच्या बुटांवर उताणा पडला. वकिलांनी आधी डोळे मिटले, मग उघडले, मग वाकून त्याचं पोट खाजवलं.

“पेंटर,” ते हसत म्हणाले, “तुमचा बोर्ड खोटा निघाला की.”

ते गमतीनं बोलले होते. पेंटरला मात्र ते तोंडात मारल्यासारखं लागलं. वकील माणूस, चौकात चहा पितापिता ही गोष्ट सांगणारच. त्यांनी सांगितली. दुसऱ्या दिवशी शिंप्यानं पेंटरला अडवलं आणि म्हणाला, मला सूट शिवायला लावलात, तुमच्या कुत्र्याला एकदा चावायला लावा. दातांच्या डॉक्टरनं निरोप धाडला की माझ्या बोर्डावरचं राहिलेलं वाक्य आता लिहून देता ना. आणि एका नव्या गिऱ्हाइकानं ‘शुद्ध’ लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा पेंटरनं नेहमीप्रमाणे खात्री मागितली, तर तो नुसता गालात हसला. ते हसणं पेंटरला रात्रंदिवस दिसू लागलं. जन्मभर ज्याच्या जोरावर मान ताठ ठेवली, ते एका आखूड पायाच्या कुत्र्यानं उताणं पडून घालवलं होतं.

बायको म्हणाली, “बोर्ड उतरवा की. हाय काय नि नाय काय.”

“लिहिलेलं मी उतरवत नाही,” पेंटर म्हणाला. “बोर्ड आहे तसा कुत्रा झाला पाहिजे.”

मग मेव्हण्यानं कुत्रा तयार करायचं मनावर घेतलं. अंगावर पोतं पांघरून तो चोर झाला आणि मागच्या भिंतीवरून अंगणात उतरू लागला. डबा आनंदानं वेडा झाला. त्यानं आपली चप्पल आणून चोराच्या पुढ्यात ठेवली. ते पाहून चोराचा तोल गेला आणि भिंतीवरच्या पत्र्यानं त्याचा हात मनगटापासून सोलून निघाला. पट्टी बांधून, तोंड पाडून मेव्हणा घरी गेला. पेंटरनं त्याच संध्याकाळी गोठेवाल्याला फोन केला. कुत्रा परत घेऊन जा म्हणाला, येत्या रविवारी. गोठेवाला म्हणाला, येतो. गोठ्यात एक जास्त झाला म्हणून काही बिघडत नाही.

मुलीनं हे ऐकलं आणि ती बापाशी बोलायची थांबली. रडली नाही, भांडली नाही. ताट वाढलं की जेवायची आणि उठायची. बायको एकदाच म्हणाली, “बोर्डापायी पोरीला तोडताय.” पेंटर ब्रश धुवायला उठला. त्याला उत्तर येत नव्हतं असं नाही. त्याच्याकडे असलेलं उत्तर त्यालाच पटत नव्हतं. पण शब्द दिला होता, एक बोर्डावर आणि आता दुसरा फोनवर.

रविवारच्या आधी, गुरुवारी दुपारी, पेंटर घरी एकटाच होता. वकिलांचा लांबलचक बोर्ड त्यानं अंगणात भिंतीला टेकवून उभा केला होता आणि वरची ओळ गाठायला स्वयंपाकघरातलं स्टूल घेतलं होतं. उंच इमारतींच्या परांच्यांवर लोंबकळून अक्षरं काढलेला हा माणूस. स्टूल त्याच्या खिजगणतीत नव्हतं. ओळ संपली. ती लांबून बघावी म्हणून त्यानं मागे न पाहता पाय खाली सोडला, आणि पाय टेकणार एवढ्यात त्याला कळलं की खाली डबा झोपलाय. पाय ठेवला असता तर डब्याची बरगडी गेली असती. पेंटरनं पाय उचलला. मग ठेवायला जागाच उरली नाही. स्टूल एकीकडे गेलं, पेंटर दुसरीकडे, आणि पिवळ्या रंगानं भरलेला डबा दोघांच्या मध्ये. पायात कडकन आवाज झाला तो त्यानं स्वतः ऐकला.

त्याची आरोळी ऐकून मास्तर आले. शिंपी आला. रस्त्यावरची आणखी पाचसहा माणसं जमली. अंगण फाटकातून सरळ दिसत होतं. पेंटर जमिनीवर आडवा, अंगभर पिवळा. सगळे फाटकापर्यंत आले, आणि बोर्ड वाचून तिथंच थांबले.

“या ना आत,” पेंटर कण्हत म्हणाला. “पाय मोडलाय.”

मास्तरांनी विचारलं, कुत्रा कुठे आहे. कुत्रा पेंटरच्या छातीवर चढून त्याचं तोंड चाटत होता. पण फाटकातून ते चाटणं दिसेना. दिसलं ते एवढंच, की एका जनावराचं तोंड पेंटरच्या तोंडावर आहे आणि पेंटर हातपाय झाडतोय. तोंड धरलंय, असं कुणीतरी हळूच म्हणालं.

“चावत नाही हो तो,” पेंटर ओरडला. “अजिबात चावत नाही.”

शिंपी म्हणाला, परवाच तुमच्या मेव्हण्याला फाडलाय, हाताची पट्टी आम्ही डोळ्यांनी पाहिलीय. तेव्हा पेंटरला कळलं की मेव्हण्यानं घराण्याची अब्रू राखायला चौकात काय सांगून ठेवलं होतं. म्हणे वकील आले तेव्हा कुत्रा लहान होता, आता गुणावर गेलाय. पेंटरनं पुन्हा शपथेवर सांगितलं की कुत्रा गरीब आहे, गाय आहे, या. मास्तरांनी चष्मा पुसला.

“पेंटर,” ते म्हणाले, “आम्ही तुमचं तोंड खरं मानायचं की तुमचा बोर्ड?”

ह्याला काय म्हणावं? सत्य लिहिण्याची जन्मभराची पुण्याई अशी फळाला आली होती, की फाटकाला कडी नसूनही माणूस मरायला मोकळा होता. पेंटरला रडू आलं. पायाचं होतंच, पण खरं म्हणजे त्या सात माणसांच्या विश्वासाचं आलं. त्यानं कोपरावर उठायचा प्रयत्न केला, पाय जरासा हलला, आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की डबा दचकून छातीवरून खाली उतरला. त्यानं पेंटरकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, पुन्हा पेंटरकडे पाहिलं. मग आखूड पायांनी तो फाटकापर्यंत धावत गेला. माणसं मागे सरली. पण ह्या वेळी तो उताणा पडला नाही. त्यानं मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा भुंकला. आवाज तेल न घातलेल्या बिजागरीसारखा होता, आणि त्याचा त्यालाच धक्का बसला असावा. पण तो थांबला नाही. पेंटरकडे धावायचा, परत फाटकाशी यायचा आणि भुंकायचा.

शिंप्याला धीर आला. भुंकणारा कुत्रा चावत नाही, तो म्हणाला. मास्तरांनी मात्र ह्याहून पक्का विचार केला. मास्तरांनी आयुष्यभर भूमिती शिकवली होती.

“बोर्डावरचा कुत्रा भुंकत नाही,” ते म्हणाले. “हा भुंकतोय. बोर्डावरच्याचे कान उभे आहेत, ह्याचे आडवे. तेव्हा हा तो नव्हे. तो आत बांधलेला असणार. चला, तो सुटायच्या आत पेंटरला बाहेर काढू.”

सगळ्यांना ते पटलं. फाटक उघडलं, माणसं धावत आत आली, आणि घराच्या दाराकडे भीतभीत बघत त्यांनी पेंटरला अशा घाईनं उचललं की मोडलेला पाय आणखी जरासा मोडला. शिंप्यानं एका टेम्पोला हात केला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पडलात कसे. पेंटर म्हणाला, पाय घसरला. घरीही त्यानं हेच सांगितलं. कुत्र्यावर पाय पडू नये म्हणून आपण पडलो, हे सांगायचं त्याच्या जिवावर आलं, कारण ज्याला रविवारी घालवून द्यायचं त्याच्यासाठी गुरुवारी पाय कोण मोडून घेतो?

प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून तो खिडकीजवळच्या खाटेवर पडून राहिला. डबा खाटेखाली. त्याचं तोंड तेवढं बाहेर असायचं, बरोबर प्लास्टरच्या खाली, जणू काही ते पडलं तर झेलायचं आहे. भुंकणं त्यानं त्या दिवसापुरतंच शिकून घेतलं होतं. परत आवाज नाही. बायको रविवारचा विषय काढत नव्हती. मुलगी पाण्याचा पेला आणून ठेवायची, तरी बोलायची नाही. पेंटरनं दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. दिलेला शब्द फिरवायची त्याला सवय नव्हती. तो कसा फिरवतात हेच त्याला माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी गोठेवाला दोरी घेऊन आला. खिडकीतून तो दिसला तशी मुलगी खाटेजवळ येऊन उभी राहिली आणि डब्याच्या मानेवर तिनं हात ठेवला. बायको स्वयंपाकघराच्या दारात थांबली. गोठेवाल्यानं फाटकाला हात घातला, मग वर पाहिलं आणि ओठ हलवत बोर्ड वाचला. हात काढून घेतला. थोडा वेळ त्यानं वाट पाहिली. आतून कुणी भुंकलं नाही. तेव्हा तो आणखी एक पाऊल मागे झाला.

मास्तर आपल्या अंगणात नवा नळ पुसत होते. गोठेवाल्यानं त्यांना विचारलं, हे खरं आहे का. मास्तर म्हणाले, पेंटरनं लिहिलंय म्हणजे असणारच. त्याच्या मेव्हण्याला विचारा, आणि खुद्द पेंटरचा पाय बघा.

गोठेवाल्याचा चेहरा उतरला. तो तिथूनच खिडकीकडे बघून ओरडला, “पेंटर, माझ्या गोठ्यात बायामाणसं असतात हो. त्याच्या आईलाच परवा धरून बांधली मी. खरं सांगा, हा थेट चावतो?”

खोलीत सगळे पेंटरकडे बघत होते. आत या म्हटलं की झालं असतं. दोरी बांधायचीही गरज नव्हती, डबा आपणहून शेपूट हलवत गेला असता. पेंटरनं खाली पाहिलं. डब्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि शेपटी एकदा जमिनीवर आपटली. तो त्या कुत्र्याला जीव लावून बसला होता, आणि ते त्याला आत्ता, दोरीवाला दारात आल्यावर, कळत होतं.

त्यानं खिडकीचा गज धरला, छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मी कधी खोटं लिहीत नाही.”

गोठेवाल्यानं दोरी गुंडाळून काखेत मारली. मग असू दे तुमच्याकडेच, म्हणाला, आणि पलीकडच्या फुटपाथनं निघून गेला. मास्तरांनी समजूतदारपणे मान हलवली आणि परत नळ पुसू लागले.

बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. ती हसत होती हे पाठीवरून कळत होतं. मुलगी खाली बसली आणि डब्याच्या लोंबत्या कानात काहीतरी सांगू लागली. मग वर बघून म्हणाली, “बाबा, पाणी हवंय?”

पेंटरनं नको म्हणून मान हलवली. तो फाटकाकडे बघत होता. उन्हानं बोर्डाची पिवळी अक्षरं जराशी फिकी झाली होती. ‘थेट’मधला ठळकपणा गेला होता. त्यानं मुलीला म्हटलं, पाय बरा झाला की त्यावर पुन्हा एकदा चांगला हात फिरवायला हवा.